बिल्डसाठी बदललेली कॉन्फिग फाईल, बिल्ड फेल झाला तरी जागेवर कशी आणायची?

शेवटची_मेट्रो:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज, अर्धं सांगितलं तर उत्तरही अर्धंच मिळेल.

आमची चार जणांची टीम आहे, अंधेरीला सीप्झच्या बाजूला बसतो. दुकानात काउंटरवर बिलिंग मशीन असतं ना, त्याचं सॉफ्टवेअर करतो, सी प्लस प्लसमध्ये, लिनक्सवर, साधं मेक (सोर्सवरून प्रोग्राम तयार करणारं, म्हणजे बिल्ड करणारं टूल) वापरून. गिऱ्हाइकं तीन, आणि प्रत्येकाचा सर्व्हरचा पत्ता वेगळा, बिलावर छापायचं नाव वेगळं, सर्व्हरशी बोलायची की (पासवर्डसारखी गुप्त चावी) वेगळी. हे सगळं कॉन्फिग डॉट एच नावाच्या एका हेडरमध्ये, म्हणजे बाकीच्या सोर्स फाईली आत घेतात अशा फाईलमध्ये, आहे. ती फाईल गिटमध्ये (कोडचे बदल साठवणारं टूल) आहे आणि त्यात एरवी आमच्या टेस्ट सर्व्हरचा पत्ता असतो. बिल्डची स्क्रिप्ट आधी त्या फाईलची कॉपी डॉट बॅक नावाने ठेवते, मग सेडने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) टेस्टचा पत्ता शोधून तिथे गिऱ्हाइकाचा टाकते, मग मेक चालवते आणि सगळ्यात शेवटी डॉट बॅक परत जागेवर आणते. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट मायनस ई आहे, म्हणजे कुठलीही कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. आता लिहिताना मलाच दिसतंय की मेक फेल झालं तर शेवटची ओळ कधी चालतच नाही, पण दोन वर्षं ही स्क्रिप्ट रोज वापरतोय आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगतो. बुधवारी रात्री भुलेश्वरच्या गिऱ्हाइकाचा बिल्ड लावला, लॅपटॉपवरून एसएसएच (दुरून लॉगिन) करून आमच्या बिल्डच्या मशीनवर. घाटकोपरपर्यंत मेट्रो आणि पुढे डोंबिवली असा माझा रस्ता, उशीर झाला होता, म्हटलं बिल्ड होईल त्याचा तो, आणि लॅपटॉप मिटून निघालो. कनेक्शन तुटलं आणि स्क्रिप्ट मध्येच मेली. सकाळी दुसऱ्या मुलाने त्याच फोल्डरमध्ये प्रिंटरचा एक फिक्स केला आणि सगळं एकदम कमिट करून (गिटमध्ये नोंदवून) पुश केलं (टीमच्या सामायिक कोडमध्ये पाठवलं), त्यात भुलेश्वरवाली कॉन्फिग डॉट एच पण गेली. मग त्याने दादरच्या दुकानाचा बिल्ड काढला. सेडला टेस्टचा पत्ता सापडलाच नाही, कारण तिथे आधीच भुलेश्वरचा होता, आणि सेडला काही सापडलं नाही तरी तो एरर देत नाही, गुपचूप पुढे जातो. वर डॉट बॅकवर पण तीच भुलेश्वरवाली फाईल बसली, म्हणजे मूळची कॉपी पण गेली. शनिवारी दुपारी दादरच्या दुकानात नवीन व्हर्जन टाकलं आणि तीन तास त्यांची सगळी बिलं भुलेश्वरच्या व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर जात होती. दुकानदाराचा फोन आला की माझी आजची विक्री शून्य का दाखवतंय. त्या माणसाने आमच्यावर विश्वास ठेवून धंद्याचा हिशोब आमच्या हातात दिलाय आणि तो दुसऱ्याच व्यापाऱ्याला दिसला, हे मला अजून पचलेलं नाही. त्याच रात्री दुकानात जाऊन समोर बसून माफी मागितली.

दोन प्रश्न आहेत. एक, बिल्ड पास होवो, फेल होवो, मी कंट्रोल सी दाबो की कनेक्शन तुटो, फाईल परत मूळ जागी आलीच पाहिजे, हे कसं करायचं? दुसरा, आत्ता आम्ही साध्या सीपीने (कॉपीची कमांड) फाईल परत आणतो तर पुढच्या वेळी मेक सगळं पहिल्यापासून कंपाइल करतं, पस्तीस मिनिटं जातात. एक मित्र बोलला की सीपी मायनस पी वापर, जुनी तारीख-वेळ तशीच राहील आणि पस्तीस मिनिटं वाचतील. करू का तसं?


चाळीतला_सर्व्हर:

मित्रा, वाईट झालं, पण तू सगळं सरळ सांगितलंस त्यामुळे उत्तर देता येतंय.

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. फाईल परत आणायचं काम स्क्रिप्टच्या शेवटी लिहायचंच नाही. ते सगळ्यात आधी, फाईलला हात लावायच्याही आधी, ट्रॅपमध्ये लावून ठेवायचं. बॅशमध्ये (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, शेल) ट्रॅप लिहून पुढे फंक्शनचं नाव आणि एक्झिट असं दिलं की स्क्रिप्ट कुठल्याही वाटेने बाहेर पडली तरी ते फंक्शन चालतं, सेट मायनस ई ने थांबली तरी आणि कंट्रोल सी दाबलं तरी. पण तुझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ बघ, तिथे बिन बॅश आहे की बिन एसएच? उबंटूवर 6.10 पासून, म्हणजे 2006 पासून, बिन एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश नावाचा दुसरा शेल आहे, आणि डॅशमध्ये सिग्नल (थांबायचा इशारा) येऊन स्क्रिप्ट मेली तर एक्झिटवाला ट्रॅप चालत नाही. मी यात एक अख्खा दिवस घालवलाय, माझ्या मशीनवर चालायचं आणि सर्व्हरवर नाही. बॅश लिही, आणि तरीही इंट (कंट्रोल सी), टर्म (साधं किल) आणि हप (कनेक्शन तुटणं) या तीन सिग्नलसाठी वेगळे ट्रॅप लाव ज्यात फक्त एक्झिट असेल, इंटला 130, टर्मला 143, हपला 129. म्हणजे कुठलाही सिग्नल आला की स्क्रिप्ट एक्झिट करणार आणि एक्झिटचा ट्रॅप फाईल परत आणणार. तू लॅपटॉप मिटलास तेव्हा आला तो हप.

त्या फंक्शनच्या आत एक्झिट झिरो मात्र चुकूनसुद्धा लिहू नकोस. आमच्याकडे एकाने लिहिलं होतं, बिल्ड फेल व्हायचा, फाईल परत यायची आणि स्क्रिप्ट सांगायची सगळं ओके, आणि पुढची स्टेप कालचीच बायनरी (तयार प्रोग्रामची फाईल) उचलून पाठवायची. फंक्शनमध्ये एक्झिट लिहिलंच नाहीस तर बॅश मूळचा कोड तसाच ठेवतं.

आता ट्रॅपने जे होणार नाही ते. किल मायनस नाइन (जबरदस्तीने मारणं) कोणालाच पकडता येत नाही. मेमरी संपली की कर्नल जो प्रोसेस मारतं तो पण तसाच मरतो, आणि लाईट गेली तर प्रश्नच नाही. त्यामुळे परत आणण्याची दुसरी संधी पुढच्या वेळी स्क्रिप्ट सुरू होताना ठेवायची. सुरुवातीलाच बघायचं की डॉट बॅक पडलेली आहे का, असेल तर गेल्या वेळचं काम अर्धवट राहिलंय, आधी ती जागेवर आण, मग पुढे जा. आणि डॉट बॅक आधीच असेल तर तिच्यावर कधीच, कधीच कॉपी करायची नाही. तुझी मूळची फाईल तिथेच गेली.

रात्रीचा बिल्ड लावून निघायचं असेल तर टीमक्समध्ये लाव, कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू राहतं.


खाडीपलीकडचा:

एवढं सगळं कशाला, डॉट बॅकच नको. फाईल गिटमध्ये आहे ना, मग ट्रॅपमध्ये गिट रिस्टोअर (फाईल गिटमधल्या रूपात परत आणणारी कमांड) आणि फाईलचं नाव, संपलं. गिट 2.23 पासून ही कमांड आहे, त्याच्या आधीचं असेल तर गिट चेकआउट, दोन डॅश आणि फाईलचं नाव. आम्ही ऐरोलीला हेच करतो.

आणि चुकून कमिट होऊ नये म्हणून अपडेट इंडेक्स करून स्किप वर्कट्री लाव त्या फाईलला, गिट तिच्याकडे बघणारच नाही.


डॉटनेटवाली_ठाणे:

गिट रिस्टोअरबद्दल माझा अनुभव सांगते, कारण माझं त्यात नुकसान झालंय. मी त्याच फाईलमध्ये दुपारभर बसून नवीन सेटिंग टाकत होते, कमिट केलं नव्हतं, आणि मध्येच एक बिल्ड चालवला. बिल्ड झाला, रिस्टोअर झालं, आणि माझी दुपारभराची मेहनत पण त्याबरोबर पुसली गेली. गिट रिस्टोअर विचारत नाही की हा बदल स्क्रिप्टने केला की माणसाने. त्यामुळे वापरायचंच असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला गिट डिफ क्वाएट करून बघा की ती फाईल स्वच्छ आहे का, नसेल तर बिल्ड सुरूच करू नका, सरळ मेसेज देऊन थांबा.

स्किप वर्कट्री मला पटत नाही. गिटच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांमध्ये लिहिलंय की ट्रॅक केलेल्या फाईलमधले बदल दुर्लक्षित करायला हा मार्ग नाही. ते प्रत्येक क्लोनमध्ये (आपापल्या मशीनवरच्या कॉपीत) प्रत्येकाने आपलं आपलं लावायचं असतं, नवीन मुलगा आला की तो विसरणार, आणि उद्या कोणी खरोखर त्या फाईलमध्ये बदल केला की पुल करताना (नवीन बदल उतरवून घेताना) सगळे अडकणार.

आमच्या डॉटनेटच्या दुनियेतला पण हाच घोळ सांगते, कोणाला उपयोग झाला तर. व्हिज्युअल स्टुडिओत पोस्ट बिल्ड इव्हेंटमध्ये लोक फाईल परत आणायची कमांड टाकतात, आणि तो इव्हेंट डिफॉल्टने फक्त बिल्ड यशस्वी झाल्यावर चालतो. सेटिंगमध्ये तो ऑलवेज करता येतो, पण आम्ही शेवटी तो रस्ताच सोडला. व्हिज्युअल स्टुडिओ 2010 पासून वेब कॉन्फिगचे ट्रान्सफॉर्म आहेत, मूळ फाईल जशीच्या तशी राहते आणि बदललेली फाईल आउटपुटकडे तयार होते. परत आणायला काही उरतच नाही. तुमच्याकडे सी प्लस प्लस आहे, तिथलं मला सांगता येणार नाही.


मेकफाईल_काका:

ताईंनी शेवटी लिहिलंय तेच खरं उत्तर आहे, पण आधी त्या सीपी मायनस पी बद्दल लिहितो, कारण तो सल्ला ऐकलास तर शनिवारपेक्षा वाईट प्रकार होईल आणि तो सापडायलाही वेळ लागेल. थांब, तो करू नकोस.

मेकला फाईलच्या आत काय लिहिलंय ते कळत नाही. 1976 साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमनने ते लिहिलं तेव्हापासून त्याला एकच गोष्ट कळते, कोणती फाईल कोणत्या फाईलपेक्षा नवीन आहे. ऑब्जेक्ट फाईल (कंपाइल झालेला एकेक तुकडा) हेडरपेक्षा नवीन असेल तर मेक म्हणणार, झालंय, पुढे चला. आता तुझ्या मित्राच्या सल्ल्याने काय होईल ते घड्याळ लावून बघ. मूळ कॉन्फिग डॉट एच सोमवारची आहे. बुधवारी आठ वाजता सेडने तिच्यात भुलेश्वर टाकलं, साडेआठला ऑब्जेक्ट फाईली तयार झाल्या, त्यांच्या पोटात भुलेश्वरचा पत्ता. मग तू मूळ फाईल परत आणलीस आणि तिच्यावर सोमवारचीच तारीख ठेवलीस. गुरुवारी तू साधा टेस्टचा बिल्ड मारलास. मेक बघणार, हेडर सोमवारचा, ऑब्जेक्ट बुधवारच्या, सगळं ताजं आहे, काही करायची गरज नाही. आणि तुझ्या हातात जी टेस्टची बायनरी येणार ती थेट भुलेश्वरच्या खऱ्या सर्व्हरशी बोलणार. सोर्स उघडून बघशील तर तिथे टेस्टचा पत्ता, गिट स्टेटस एकदम स्वच्छ, आणि बायनरी खोटी. मी हा बग एकदा बघितलाय, दोन माणसं तीन दिवस नेटवर्कमध्ये चूक शोधत होती.

म्हणजे ती पस्तीस मिनिटं फुकट जात नव्हती. साध्या सीपीने नवीन तारीख पडत होती म्हणून मेक सगळं नव्याने करत होतं, आणि तेच बरोबर होतं. डॉट बॅक एमव्हीने (फाईल हलवणारी कमांड) परत ठेवणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्या, एमव्ही तारीख बदलत नाही, कॉपीवर जी तारीख होती तीच येते. सेड सुरू व्हायच्या आधी काढलेली कॉपी ऑब्जेक्ट फाईलींपेक्षा जुनीच असणार, म्हणजे तोच घोटाळा. परत आणल्यावर टच कर, म्हणजे आत्ताची तारीख पडेल.

पण मूळ दुखणं वेगळं आहे. एकाच ऑब्जेक्टच्या फोल्डरमध्ये तीन गिऱ्हाइकांचं सामान आळीपाळीने शिजतंय. हॉटेलात एकाच कढईत शाकाहारी आणि मांसाहारी करून मध्ये धुवायची की नाही यावर वाद घालण्यासारखं आहे हे, कढया वेगळ्या घे. बिल्ड नावाच्या फोल्डरमध्ये दादर, भुलेश्वर आणि टेस्ट अशी वेगवेगळी फोल्डरं कर, प्रत्येकाच्या ऑब्जेक्ट फाईली तिथेच. गिटमध्ये कॉन्फिग डॉट एच ठेवूच नकोस, तिच्या जागी साचा ठेव, कॉन्फिग डॉट एच डॉट इन, ज्यात पत्त्याच्या जागी काहीतरी खूण असेल, दोन बाजूंना ॲट लावलेला एखादा शब्द. मेक त्या साच्यातून त्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये खरा हेडर तयार करेल. साच्याला कोणी हात लावत नाही, त्यामुळे परत आणायचंही काही नाही. कनेक्शन तुटू दे, लाईट जाऊ दे, अर्धवट राहिलेलं सामान बिल्डच्या फोल्डरमध्ये राहील आणि ते फोल्डर गिट इग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत) असेल.

हेडर तयार करताना दोन काळज्या. आधी टेंपररी नावाने लिही, जुन्याशी सीएमपीने ताडून बघ, सारखाच असेल तर टेंपररी उडव आणि जुन्याला हात लावू नकोस, वेगळा असेल तरच एमव्हीने त्याच्या जागी ठेव. म्हणजे काही बदललं नसेल तर तारीख बदलत नाही आणि तुझी पस्तीस मिनिटं खऱ्या अर्थाने वाचतात. सीमेक नावाच्या बिल्ड टूलमधलं कॉन्फिगर फाईल हेच करतं, मजकूर बदलला तरच लिहितं. आणि दुसरी काळजी, सेड झाल्यावर ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) बघ की एखादी ॲटवाली खूण उरलीय का, उरली असेल तर तिथेच बिल्ड फेल कर. सेड गप्प बसतो म्हणून शनिवार झाला, तेव्हा त्याच्यामागे तपासणारा पाहिजेच.


खाडीपलीकडचा:

काका, हे तारखेचं मला माहीत नव्हतं, आमच्याकडे जावा आणि मेव्हन (जावाचं बिल्ड टूल) आहे त्यामुळे कधी इतकं खोलात गेलो नाही. आता बघितलं तर मेव्हनमध्ये रिसोर्स फिल्टरिंग आहेच, सोर्समधली फाईल तशीच राहते आणि भरलेली फाईल टार्गेट क्लासेसमध्ये जाते. आमचा सेडवाला भाग उगाचच होता, काढतोय. ताई, स्किप वर्कट्रीबद्दल पण मान्य.


शेवटची_मेट्रो:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आणि आज दिवसभर बसून केलं. आधी तात्पुरतं म्हणून जुन्या स्क्रिप्टला ट्रॅप लावला आणि मुद्दाम मेक चालू असताना कंट्रोल सी, मग दुसऱ्या टर्मिनलवरून किल, मग एसएसएच तोडून बघितलं. पहिली ओळ बिन एसएचच होती! बॅश केल्यावर तिन्ही वेळा फाईल जागेवर आली. किल मायनस नाइन मारलं तेव्हा नाही आली, पण पुढच्या वेळी स्क्रिप्टने सुरुवातीलाच डॉट बॅक बघून परत आणली.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे साचा केला, तीन फोल्डरं केली. सगळं चाललं पण एक गोष्ट समजत नाहीये. दादरच्या फोल्डरमध्ये तयार झालेला हेडर उघडून बघितला तर पत्ता दादरचाच आहे, कंपायलरला मायनस आयने (हेडर कुठे शोधायचे ते सांगणारा पर्याय) ते फोल्डर पहिल्या नंबरला दिलंय, आणि तरीही बायनरी टेस्टच्या सर्व्हरशी बोलतेय. क्लीन करून बघितलं, तेच. कुठे चुकतोय?


मेकफाईल_काका:

जुनी कॉन्फिग डॉट एच सोर्सच्या फोल्डरमध्ये अजून पडलेली आहे ना? गिटमधून काढली असशील पण डिस्कवर असेल.

इन्क्लुड (हेडर आत घेणारी ओळ) लिहिताना नाव दुहेरी अवतरणात असेल तर जीसीसी कंपायलर आधी बघतं की ज्या फाईलमध्ये हे इन्क्लुड लिहिलंय तिच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ते नाव आहे का. तिथे मिळालं की मायनस आयच्या यादीकडे ते वळतच नाही. त्यामुळे तुझी मेन डॉट सीपीपी शेजारी बसलेला जुना हेडर उचलतेय. कंपाइल करताना मायनस एच मोठ्या अक्षरातला दे, कोणकोणते हेडर कुठून उघडले ते सगळं छापून येतं, तुझ्या डोळ्यांनी दिसेल.

जुनी फाईल उडव, आणि बाकीच्या तिघांच्या मशीनवर पण उडव. तू फक्त गिट आरएम कॅश्ड (गिटमधून काढणं, डिस्कवर ठेवणं) केलं असशील तर तुझ्याकडे ती राहिली, आणि ती गिट इग्नोरमध्ये टाकली असशील तर गिट स्टेटसमध्ये पण दिसणार नाही. माझं मत विचारशील तर सोर्सच्या फोल्डरमधलं ते नाव इग्नोरमध्ये टाकूच नकोस, कोणाकडे चुकून तयार झाली तर लाल रंगात दिसू दे. फक्त बिल्डचं फोल्डर इग्नोर कर.

आणि जुन्या डॉट डी फाईली असतील, डिपेंडन्सीच्या (कोणती फाईल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे त्याच्या), त्या पण काढ. त्यांच्यात जुन्या हेडरचं नाव लिहिलेलं असणार, हेडर उडवल्यावर मेक म्हणेल ही फाईल कशी बनवायची मला माहीत नाही, आणि थांबेल. कंपायलरला मायनस एमपी दिलं तर पुढे हा त्रास होत नाही.


शेवटची_मेट्रो:

काका, तेच होतं! मायनस एचने पहिल्याच ओळीत सोर्समधला जुना हेडर दाखवला. उडवला, डॉट डी काढल्या, आता तिन्ही बायनरी आपापल्या सर्व्हरशी बोलतायत. आणि एका गिऱ्हाइकावरून दुसऱ्यावर गेलो तरी सगळं परत कंपाइल होत नाही, मघाशी दादरचा बिल्ड चाळीस सेकंदांत झाला, मला दोनदा बघावं लागलं की खरंच झालाय का.


चाळीतला_सर्व्हर:

छान झालं. एक विचारायचं राहिलं होतं, तू म्हणालास की हेडरमध्ये सर्व्हरशी बोलायची की पण आहे. भुलेश्वरची की त्या कमिटमध्ये गेली ना? नंतर कमिट उलटवलं असलं तरी ती गिटच्या हिस्टरीत आहे, आणि ज्याने ज्याने पुल केलं त्याच्या लॅपटॉपवर पण आहे. शिवाय दादरच्या दुकानातल्या मशीनवर तीन तास ती की असलेली बायनरी होती, ती काढून घेतली का? हिस्टरी साफ करत बसण्याआधी ती की बदल, साफसफाई नंतर कर.


शेवटची_मेट्रो:

हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता भुलेश्वरच्या गिऱ्हाइकाला फोन केला, काय झालं ते सगळं सांगितलं, रात्री दुकान बंद झाल्यावर नवीन की लावतोय. दादरची बिलं त्यांच्या सर्व्हरवरून काढून दादरच्या सर्व्हरवर टाकली शनिवारीच, पण तिथे बॅकअप पण होत असेल, तो पण बघून त्यातून काढतो. दादरच्या मशीनवर नवीन व्हर्जन टाकलं होतं पण जुनी बायनरी डॉट ओल्ड नावाने तिथेच आहे, ती उद्या सकाळी दुकान उघडताना स्वतः जाऊन काढणार.

सर्व्हरच्या कीज हेडरमधून बाहेर काढून मशीनवरच एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवायच्या असं टीममध्ये ठरतंय, म्हणजे बायनरीत काही गुप्त राहणारच नाही. त्याला वेळ लागेल, तीन दुकानांत जाऊन करावं लागेल.


डॉटनेटवाली_ठाणे:

दुकानात जाऊन टाकता ना व्हर्जन, मग टाकायच्या आधी एक करून बघा. बायनरीवर स्ट्रिंग्स (आतला मजकूर काढून दाखवणारी कमांड) चालवायचं आणि ग्रेप करून त्यात कोणकोणते सर्व्हरचे पत्ते आहेत ते बघायचं. दादरच्या बायनरीत दादरचा पत्ता हवाच आणि बाकीच्या दोघांचा एकही नको. स्क्रिप्टमध्ये बिल्डनंतर लगेच टाका, दोन ओळींचं काम आहे, आणि नाही जुळलं तर फाईल पॅकेज होऊच देऊ नका. सोर्स स्वच्छ आहे की नाही हे कितीही तपासलं तरी दुकानात जाते ती बायनरी, त्यामुळे तपासायची पण तीच.


शेवटची_मेट्रो:

ताई, टाकलं. आणि उत्सुकता म्हणून शनिवारची ती बायनरी, आमच्या मशीनवर अजून ठेवलेली होती, तिच्यावर चालवून बघितलं. पहिल्या सेकंदाला भुलेश्वरचा पत्ता समोर आला. आता ती बायनरी पण उडवतो, आणि सकाळी दादरला दुकान उघडायच्या वेळेला पोचायचंय म्हणून आज लवकर निघतो.